गिरणी कामगाराचं गाव



सीमाभागाच्या सभेत गिरणी कामगाराचं काय काढलंत, असं कुणी विचारील. विचारायलाच पाहिजे. गिरण्या मुंबईच्या, भोंगे मुंबईचे, आणि ते भोंगे बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. पण आज या मैदानात जे बसले आहेत, त्यांच्यात ज्यांचा बाप, आजा, चुलता नाहीतर मामा मुंबईला गिरणीत होता त्यांनी हात वर करावेत असं आम्ही म्हटलं, तर किती हात वर येतील याचा अंदाज आम्हांला आहे. म्हणून हात वर करा असं सांगत नाही. घटकाभर ऐका एवढंच सांगतो.

आम्ही लहानपणापासून एक बोल ऐकत आलो. मुंबई मराठी माणसानं उभी केली नाही, तो बापडा पोट भरायला तिथं आला. संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोरात होती तेव्हा हा बोल मोठमोठ्या माणसांच्या तोंडी होता. भांडवल दुसऱ्यांचं, पेढ्या दुसऱ्यांच्या, गोदामं दुसऱ्यांची. मराठी माणूस काय, घाटी नि कोकण्या, आज साच्यावर उभा आहे, उद्या शिमग्याला गावी जाईल तो गेलाच. त्याची मुळं गावात, मग शहरावर त्याचा हक्क कसला? बरं, ही गोष्ट १९५५ ची. पुढं १९८२ च्या संपानंतर गिरण्यांना कुलपं लागली, जमिनी विकायला निघाल्या, आणि तोच कामगार राहायला चार हात जागा मागू लागला. तेव्हा त्याला काय ऐकावं लागलं? तुझं गावाला घर आहे, शेत आहे, जा की गावाला!

म्हणजे गंमत बघा. हक्क मागितला की गावाकडं बोट, घर मागितलं की गावाकडं बोट. गाव असणं हा जणू कामगाराचा गुन्हाच. आमचं म्हणणं साफ उलटं आहे. त्याचं गाव हाच त्याच्या हक्काचा सगळ्यांत मोठा कागद आहे. कसा, ते सांगतो.

मुंबईत कावसजी दावरांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली काढली आणि ताडदेवला ती गिरणी १८५६ साली चालू झाली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या. त्यांना माणसं लागली. ती कुठून आली? १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सापडले. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही. उरलेल्यांत साताऱ्याचे, पुण्याचे, नगरचे, कोल्हापूरच्या बाजूचे, आणि तुमच्या-आमच्या या पट्ट्यातले.

माणूस सुखासुखी गाव सोडत नाही. कोकणात जमीन थोडी, तीही कातळाची, आणि तिच्यावर खोत बसलेला. भाताच्या जमिनीचं अर्धं पीक खोताला. त्याला अर्धेल म्हणत. वरकस जमिनीत नाचणी-वरी काढली तर तिथं तिर्धेल. शिवाय खोताच्या शेतात फुकट नांगर धरायचा, त्याची मोट-ओझी वाहायची, ती वेठ निराळी. पीक बुडालं तरी धारा बुडत नसे. मग कर्ज, आणि कर्ज झालं की घरातला एक तरणा पोर मुंबईला. खोती मोडावी म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. कायद्यानं खोती गेली ती १९४९ साली. तोवर खोताचा हिस्सा मुंबईच्या पगारातून भरला गेला, हे कुणी लिहून ठेवलं नाही. घाटावर खोत नव्हता, पण माण-खटावच्या बाजूला पाऊसही नव्हता, आणि सावकार मात्र भरपूर.

आणखी एक गोष्ट. आपल्यातला प्रत्येकजण कर्जासाठीच गेला असं नाही. कुणी गावकीच्या जाचाला कंटाळून गेला. महार-मांगाला गावात येसकरकी होती, हजेरी होती. शहरात निदान नावानं हाक मारतील, या आशेनं तो गेला. त्या आशेचं काय झालं ते पुढं सांगू.

जायचं कसं? कोकणातला माणूस हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांतून बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरे. पावसाळ्यात बोटी बंद. कोकण रेल्वे पुरी झाली १९९८ साली, म्हणजे गिरण्या संपल्यावर! ज्या माणसांनी आयुष्यभर डेकवर बसून ओकत प्रवास केला, त्यांच्या नशिबी गाडी आली नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसकडं निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याच्या आत येऊन ठेपलेलं, त्या गर्दीत ही घरं विसरली गेली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा माणूस मिरजेवरून लहान गाडीनं पुण्याला जाई आणि तिथं मोठ्या गाडीत चढे. हातात एक वळकटी, पत्र्याची ट्रंक, फडक्यात भाकरी, आणि कनवटीला एका कागदावर पत्ता. हा पत्ता कुणाचा असे? गिरणीचा नव्हे. गावाच्या खोलीचा.

ही गावाची खोली ज्यानं पाहिली नाही, त्याला मुंबई कशी चालली ते कळणार नाही. लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडी, नायगाव इथल्या चाळींत दहा-बारा हात लांबीरुंदीची एक खोली. भाडं गावकीतून. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसं. सगळी एकदम मावायची नाहीत, पण मावायची गरजही नव्हती. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या जागी रात्रपाळीचा येऊन आडवा व्हायचा, चादर गार व्हायची नाही. भिंतीला खुंट्या, खुंटीला ज्याचं त्याचं नाव नाही पण ज्याचा त्याला ठाऊक. माळ्यावर ट्रंका. कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर आणि गावातल्या देवळाच्या, शाळेच्या वर्गणीची वही. गावात शाळेवर पत्रे चढले ते या वहीतून. नवा पोरगा आला की पहिले काही महिने त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, काम लागलं की द्यायचे, हा तिथला कायदा. तो कुठल्या कायदेमंडळानं केला नव्हता.

जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुधा कुणा कामगाराचीच बायको नाहीतर विधवा. दहा-पंधरा माणसांचा दोन वेळचा डबा, पहाटे चारला चूल पेटायची. पगाराला हिशेब. संप झाला तरी चूल बंद ठेवली नाही, उधारीवर जेवू घातलं, स्वतःचे दागिने गहाण ठेवले. अशाच बायांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' म्हणून बांधली. पण त्याआधी सत्तर-ऐंशी वर्षं या बायांनी संप जगवले, आणि संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आली, यांची आली नाहीत.

काम मिळवायचं तर जॉबर. गिरणीत माणूस घ्यायचा-काढायचा अधिकार त्याचा. त्याला दस्तुरी दिली तर काम. बहुतेक वेळा जॉबरही आपल्याच मुलखातला, म्हणून माणूस गावच्या नात्यानं लागे आणि गावच्याच नात्यानं नागवला जाई. हे झाकून ठेवायचं कारण नाही. मग बदली. बदली कामगार रोज सकाळी गेटावर उभा राहायचा. कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत, नाहीतर परत खोलीवर. १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीतला दिवस बारा तासांवर आणला, यावरून त्याआधी काय होतं ते ओळखा. रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंड्यांनी भांडून १८९० साली मिळवलेली. आत कापसाची धूळ, आवाज एवढा की माणसं खुणांनी बोलत. म्हातारा कामगार गावी आला की देवळात सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलायचा, पोरं हसायची. पोरांना काय ठाऊक की साच्यांनी त्याचे कान नेले होते.

आणि आता त्या आशेची गोष्ट. विणखात्यात पगार चांगला, पण तिथं अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढून काढावं लागे आणि विटाळ होई! कापड विकत घेताना कुणाला विटाळ झाला नाही. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर सडेतोड मांडला. आमच्या चळवळीत 'मराठी माणूस सारा एक' अशी घोषणा आम्ही देतो. ती देताना ही धोट्याची गोष्ट आम्हांला आठवावी लागते. जो गावातून अपमान चुकवायला निघाला, त्याला शहरात आपल्याच भाषेच्या माणसांनी तो अपमान पुन्हा दिला.

आता हिशेबाला या. एक कामगार तयार व्हायला काय लागतं? आईचं दूध, नाचणीची भाकरी, सोळा-अठरा वर्षांचं अन्नवस्त्र. ते कुणी दिलं? गावानं. गिरणीवाल्याला धडधाकट गडी तयार मिळाला. त्याची बायको-पोरं कुठं राहिली? गावी, शेतावर, म्हणून पगार एका माणसापुरता दिला तरी भागलं. तो आजारी पडला, छातीत धूळ बसून खोकू लागला, तर कुठं गेला? गावी. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. त्याआधीचे जे म्हातारे झाले ते रिकाम्या हातानं गावीच परतले. कवी नारायण सुर्व्यांना रस्त्यावरून उचलून ज्यांनी वाढवलं, ते गंगाराम सुर्वे गिरणी कामगारच. नोकरी संपली तेव्हा ते कोकणात निघून गेले आणि कोवळा नारायण मुंबईत मागं राहिला. ते निर्दय होते म्हणून नव्हे. म्हाताऱ्या कामगाराला मुंबईत जागाच नव्हती, आणि ज्या पोराला गाव नव्हतं त्याला परत जायला ठिकाण नव्हतं. या एका ताटातुटीत आमचं सगळं म्हणणं आलं.

आणि संप? १९२८ साली दीड लाखाच्या घरात कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने बाहेर राहिले. सहा महिने काय खाल्लं? कितीतरी जण बोटीत बसून गावी गेले, पेरणी-लावणी केली, घरचं खाल्लं, आणि निरोप आल्यावर परतले. संपाचा खरा फंड गावाच्या कणगीत होता. मालक म्हणत, या लोकांना शिस्त नाही, उन्हाळ्यात आणि पेरणीला गावी पळतात. अहो, गावी पळत होता म्हणून तर तुमच्या तुटपुंज्या पगारावर टिकत होता! मुंबईच्या भांडवलाचा हिशेब मांडणाऱ्यांनी गिरण्यांचे शेअर मोजले. महाराष्ट्राच्या हजारो खेड्यांनी या शहरात घातलेलं हे भांडवल कुणाच्याच वहीत चढलं नाही.

गावी राहिलेल्या बाईबद्दल चार शब्द बोललो नाही तर अर्धंच बोलल्यासारखं होईल. नवरा वर्षातून एकदा, फार तर दोनदा घरी. शेत तिनं केलं, सासू-सासरे तिनं सांभाळले, मनिऑर्डर आली की अंगठा तिनं उठवला आणि सावकाराच्या पायऱ्याही तिनंच चढल्या. तिला जगाच्या वेशीवर आणलं ते वाटेगावच्या तुकाराम भाऊराव साठ्यानं, आपल्या अण्णाभाऊंनी. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवा तालुका, मांगाचं घर, ज्या जमातीला इंग्रजानं गुन्हेगार ठरवून पोलिसपाटलाकडं हजेरी लावलेली. शाळा जवळजवळ नाहीच. आईबापांबरोबर पायी चालत मुंबईला आलेला हा पोर हमाली करत, गिरणीत राबत शाहीर झाला. अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर १९४४ साली लालबावटा कलापथक उभं केलं. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून गाजली. त्यातली मैना आधी कामगाराची बायको आहे, आणि गाणं पुढं जाता जाता ती बेळगाव होते, निपाणी होते, कारवार होते, महाराष्ट्राबाहेर राहिलेला सगळा मुलूख होते. ही उपमा त्यांना टेबलाशी बसून सुचलेली नाही. ज्याच्या घरची माणसं दोन ठिकाणी, त्यालाच फाळणी काय असते ते कळतं.

म्हणूनच २१ नोव्हेंबर १९५५ ला गिरणगाव फ्लोरा फाउंटनकडं चालत गेलं. गोळीबार झाला, पंधरा माणसं पडली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राकडं जाणार हे जाहीर झाल्यावर पुन्हा गोळ्या, आणि १७ जानेवारीला इथं बेळगावातही. त्या हुतात्म्यांच्या घरांचा पत्ता काढत गेलात तर वाट पुष्कळदा एखाद्या चाळीतून एखाद्या खेड्यात जाते. फाउंटनजवळच्या स्मारकावर मशाल धरलेले दोन पुतळे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. शिल्पकाराला दोन माणसं करावी लागली. आमच्या घरात तो एकच माणूस होता.

आणि मग १ नोव्हेंबर १९५६ चा दिवस. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यानं बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला, त्यातून चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यात ठेवला. चंदगड आणि खानापूर यांच्यात काय मोठा दर्या आहे? सोयरिकी एक, जत्रा एक, बोली एक. दोन्हीकडचे गडी मुंबईला एकाच वाटेनं गेलेले. पण रात्रपाळी करून सकाळी खोलीवर परतल्यावर चंदगडवाल्याचं गाव मुंबई राज्यात राहिलेलं होतं आणि खानापूरवाल्याचं परमुलखात गेलेलं होतं. १९६० च्या १ मेला मुंबईसह महाराष्ट्र झाला. गिरणगावात दिवाळी झाली. त्या दिवाळीत खानापूर, निपाणी, बेळगावचे कामगारही नाचले. ज्या राज्यासाठी त्यांनी संप केले, लाठ्या खाल्ल्या, ते राज्य त्यांनी साऱ्यांना मिळवून दिलं आणि आपल्या गावाला मिळवू शकले नाहीत. आपल्याकडं १ नोव्हेंबर काळा दिवस का पाळतात, असं नवी पोरं विचारतात. त्यांना नकाशा दाखवायच्या आधी ही खोली दाखवा. २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो कागदांचा दावा आहे. पण कागद कसले कसले असतात, ते आता शेवटी सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पुन्हा गावानं पोसलं. पण या वेळी निरोप आलाच नाही. कित्येक जण बोलावणं येईल म्हणून गावी वाट बघत बसले आणि तिथंच संपले. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. पुष्कळ भांडणानंतर कामगारांच्या घरांसाठी काही जमीन निघाली, २०१२ साली त्या घरांची पहिली सोडत झाली. अर्ज लाखाहून अधिक, घरं काही हजार. २०२४ साली शेलू-वांगणीला घरं देण्याची योजना पुढं आली, म्हणजे पुन्हा बोट शहराबाहेर! आणि घर मागायला गेलं की पहिला प्रश्न: कामाला होतात याचा पुरावा काय?

आमची विनंती एवढीच आहे. सभा संपल्यावर घरी जा, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढा. हजेरीचा पास, तिकीट नंबर, विम्याचं कार्ड, फंडाची चिठ्ठी, मनिऑर्डरच्या पावत्या, खोलीच्या वर्गणीची वही, जे असेल ते फेकू नका. कागद नसेल तर म्हाताऱ्या माणसाला विचारा: गिरणी कुठली, खातं कुठलं, साल कुठलं, जॉबर कुठला, खोली कुठल्या चाळीत, खानावळवाली कोण. एका वहीत लिहून घ्या, वर गावाचं नाव मराठीत घाला. बाईचं नावही लिहा, शेत तिनं केलं होतं. सभामंडपाच्या डाव्या हाताला आमचे कार्यकर्ते वही घेऊन बसले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी ते लिहून घेतील. आज नाही जमलं तर पुढल्या सभेला घेऊन या.